व्हीटस्टनने दुकान सोडले नव्हते

बारावीच्या प्रयोगशाळेत मीटरभर तारेवरून जॉकी सरकवत गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर आणताना ज्यांनी घाम गाळला आहे, त्यांना व्हीटस्टन हे नाव जन्मभर पुरते. गंमत अशी की ज्या सेतूला ते नाव चिकटले, तो सेतू त्याचा नव्हेच. ती मांडणी सॅम्युअल हंटर ख्रिस्टी या गणितज्ञाने १८३३ साली प्रसिद्ध केली होती. दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टनने तिचा उपयोग रॉयल सोसायटीपुढे मांडला, आणि मूळ कल्पना ख्रिस्टीची आहे हेही सांगून टाकले. सांगितलेले राहिले बाजूला, नाव व्हीटस्टनचे रूढ झाले. जे त्याचे नव्हते ते असे आयते त्याच्या पदरात पडले. जे खरोखर त्याचे होते, म्हणजे काकाचे, बापाचे आणि भावाचे वाद्यांचे दुकान, ते मात्र चरित्रकारांनी त्याच्या अंगावरची धूळ झटकावी तसे झटकून टाकले. माझा वाद त्या झटकण्याशी आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. प्रतिपक्षाला दुबळा करून जिंकण्यात काही पुरुषार्थ नाही. जॉन मन्रो याने १८९१ साली 'हीरोज ऑफ द टेलिग्राफ' हे पुस्तक लिहिले. त्यात आलेली व्हीटस्टनची कथा पुढे असंख्य लेखकांनी उचलली, आजही उचलतात. ती अशी. १८०२ च्या फेब्रुवारीत ग्लॉस्टरजवळच्या बार्नवुड गावी जन्म. बाप संगीताचे साहित्य विकणारा. पोर चार वर्षांचे असताना तो लंडनला पॉल मॉलमध्ये आला आणि बासरी शिकवू लागला. पोरगा लाजाळू, हळवा, पुस्तकी किडा. एका शाळेतून पळून गेला तो विंडसरला पकडला गेला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला स्ट्रँडवरच्या ४३६ क्रमांकाच्या दुकानात, त्याच्याच नावाच्या काकाकडे, वाद्ये बनवण्या-विकण्याचा धंदा शिकायला ठेवले. पण हातकामात आणि व्यापारात त्याचे मन रमेना, म्हणून बापाने परत घरी आणले. मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात व्होल्टाच्या विद्युतशोधांवरचे पुस्तक दिसले, तांब्याची नाणी साठवून ते घेतले, विद्युतघट करायला तांब्याचे पत्रे आणायला पैसे उरले नाहीत म्हणून उरलेली नाणीच घटात घातली. १८२३ मध्ये काका वारला. भाऊ विल्यम आणि चार्ल्स यांच्या गळ्यात धंदा पडला. चार्ल्सचे चित्त तिथे नव्हते. तो वाद्यांत बारीकसारीक सुधारणा करी, गमतीची खेळणी करी. पुढे १८३४ साली किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाला, १८३७ मध्ये तारायंत्राचे पेटंट मिळवले, १८६८ मध्ये सर झाला, १८७५ मध्ये पॅरिसला वारला. थोडक्यात, दुकान म्हणजे कोश आणि शास्त्रज्ञ म्हणजे त्यातून उडालेले फुलपाखरू. कॉन्सर्टिना नावाचे जे वाद्य त्याने केले, तो मोठ्या माणसाचा फावल्या वेळचा चाळा.

ही कथा निराधार नाही हे कबूल. व्हीटस्टन लाजाळू होता. इतका, की रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचे ध्वनिसंशोधन लोकांपुढे मांडायला फॅरडे उभा राहत असे. किंग्ज कॉलेजातली त्याची व्याख्यानेही फार काळ चालली नाहीत. गिऱ्हाइकाशी गोड बोलून बासरी गळ्यात मारण्याची कला त्याला साधली नसणार, हेही मी मानतो. पण मन्रोने हातकाम आणि व्यापार हे दोन शब्द एकाच दाव्याला बांधले आहेत, आणि सगळी फसगत तिथे आहे. गल्ल्यावर बसणे वेगळे, गल्ल्याच्या मागच्या खोलीत बसणे वेगळे. ज्याला पहिले जमत नाही त्याला दुसरेही जमत नाही, असे कुठल्या कारखान्यात पाहिले आहे?

तपशील पाहू. १८२१ चा सप्टेंबर. व्हीटस्टन एकोणीस वर्षांचा. पॉल मॉलमधल्या एका संगीताच्या दुकानात छताला एक प्राचीन धाटणीची वीणा टांगलेली. तिला हात कोणी लावत नाही, तरी तिच्यातून पियानो, हार्प आणि डल्सिमर असे तीन तीन वाद्यांचे सूर पाझरतात. लोकांनी गर्दी केली. त्या वीणेला त्याने ग्रीक मुळांवरून एक भलेमोठे नाव दिले होते; लोक तिला नुसती 'जादूची वीणा' म्हणत. आत जादू काही नव्हती. वीणा म्हणजे पोकळ लाकडी खोके. ती ज्या दोरीला टांगली आहे असे दिसे, ती दोरी नव्हती, पोलादी सळई होती. नजरेआड, कानाआड असलेल्या खोलीत खरी वाद्ये वाजत आणि त्यांचे कंपन सळईतून खाली उतरून खोक्याला बोलते करी.

आता हा प्रयोग करायला काय काय लागते ते मोजा. एक बरा पियानो, एक हार्प, ती वाजवणारी माणसे, छताला भोक पाडले तर ओरडणार नाही असा घरमालक, आणि कुठल्या लाकडी फळीला कुठे सळई टेकवली की ती दमदार बोलते आणि कुठे टेकवली की मुकी होते याची हातांना असलेली ओळख. पुस्तकी पोराला यातले पहिले चार मागून आणावे लागले असते. पाचवे मागून मिळतच नाही. वाद्यांच्या घरात वाढलेल्याला पाचही गोष्टी उंबरठ्याच्या आत होत्या.

जाता जाता एक सांगतो. याच कथेत हा प्रयोग पॉल मॉलबरोबरच ॲडलेड गॅलरीतही दाखवला गेला, असे वाक्य येते. ती गॅलरी उघडली १८३२ साली. १८२१ च्या सप्टेंबरात तिथे वीणा टांगायची तर छतच नव्हते. चूक लहान आहे, पण ज्या कथेत ती इतकी वर्षे निमूट बसून राहिली त्या कथेवर आपण किती डोळे मिटून विसंबावे, हे कळायला पुरेशी आहे.

१८२३ कडे येऊ. त्या वर्षी काका गेला, दुकान भावांकडे आले. त्याच वर्षी 'ॲनल्स ऑफ फिलॉसॉफी' या नियतकालिकात चार्ल्सचा ध्वनीवरच्या नव्या प्रयोगांचा निबंध छापून आला. चरित्रांत या दोन घटना दोन वेगळ्या परिच्छेदांत असतात, एक 'व्यवसाय' या सदरात, दुसरी 'संशोधन' या सदरात. माणूस एक, वर्ष एक आणि विषयही एकच. फळी कशी कंप पावते, हवेचा स्तंभ कसा बोलतो, ज्या वस्तूंवर घराचे पोट चालते त्यांच्यात ध्वनी जन्मतो कसा. १८२७ चे त्याचे कॅलिडोफोन पाहा. पोलादी काडीचे एक टोक घट्ट बसवलेले, दुसऱ्या टोकावर चांदीचा मुलामा दिलेला काचेचा मणी. काडीला टिचकी मारा किंवा गज फिरवा. मण्यावर पडलेला प्रकाशाचा ठिपका हवेत नक्षी काढतो. कानाला ऐकू येणारे डोळ्यांना दिसते. १८२८ मध्ये त्याने हवेच्या स्तंभांच्या अनुनादावर लिहिले, तेव्हा जावा बेटावरच्या गेंडेर या वाद्याचा विचार केला. त्यात धातूच्या प्रत्येक पट्टीखाली तिच्याच सुरात बोलणारी बांबूची नळी उभी असते. चीनचे शेंग हे तोंडाने फुंकायचे वाद्यही त्याने अभ्यासले. त्याच्या नळ्यांच्या बुडाशी पातळ धातूची जीभ असते, जी चौकटीवर न आपटता चौकटीतून मोकळी येजा करते. मुक्त रीड म्हणतात ती हीच.

मुक्त रीड म्हटली की मराठी वाचकाला वेगळी ओळख करून द्यायला नको. भजनाच्या पाटापासून नाट्यगृहाच्या खड्ड्यापर्यंत आपण जी पेटी ऐकत आलो, तिच्या पोटात तीच जीभ आहे. पेटी फ्रान्समधल्या वेगळ्या शाखेतून आपल्याकडे आली, व्हीटस्टनकडून नव्हे. पण चुलत घराणे म्हणायला हरकत नाही.

१९ जून १८२९ रोजी व्हीटस्टनने इंग्लंडात वाद्यांचे एक पेटंट घेतले. त्यात सिम्फोनियम नावाचे तोंडाने फुंकायचे वाद्य आहे: हातात मावणारी धातूची डबी, आत मुक्त रिडी, दोन्ही बाजूंना बोटांनी दाबायच्या गुंड्या. या डबीला भाता जोडला, बाजू दूर केल्या की कॉन्सर्टिना तयार. त्याच वर्षी, महिनाभर आधी, व्हिएन्नात सिरिल डेमियनने अकॉर्डियनचे पेटंट मिळवले होते. त्यावरून काही जण व्हीटस्टनने उचलेगिरी केल्याची शंका काढतात. दोन्ही वाद्ये उघडून पाहिली की ती शंका टिकत नाही. डेमियनच्या पेटीत एक पट्टी दाबली की अख्खा स्वरमेळ वाजतो, आणि भाता ओढताना एक, दाबताना दुसरा. व्हीटस्टनच्या गुंडीतून एकच स्वर निघतो, आणि भाता ओढा की दाबा, तो बदलत नाही. एक साथीला जन्मले, दुसरे चाल वाजवायला.

आणि आता ज्या तारखेवर माझा सगळा भर आहे ती. कॉन्सर्टिनाच्या सुधारित रचनेचे पेटंट ८ फेब्रुवारी १८४४ चे आहे. व्हीटस्टनला प्राध्यापक होऊन दहा वर्षे झाली होती. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळून आठ. तारायंत्राचे पेटंट हाती येऊन जवळजवळ सात. ख्रिस्टीच्या सेतूवरचे ते व्याख्यान नुकतेच, आदल्या वर्षी झालेले. फुलपाखरू आकाशात इतके उंच गेल्यावर पुन्हा कोशात शिरून गुंड्या, तरफा आणि रिडी यांच्या तपशिलाचे पेटंट कशाला घेते? उत्तर सरळ आहे. कोश आणि फुलपाखरू हे चित्रच खोटे आहे. दुकान त्याने सोडलेच नव्हते.

वाद्य उघडून पाहिल्याशिवाय या वादात बोलू नये, म्हणून दोन मिनिटे तिथे थांबतो. कॉन्सर्टिनाची दोन्ही टोके षट्कोनी, वर कोरीव जाळी, जाळीतून वर आलेल्या गुंड्या. नेहमीच्या वाद्यात अठ्ठेचाळीस. मधे घडीचा भाता. दोन्ही अंगठे कातडी पट्ट्यांत अडकतात, करंगळ्यांना टेकायला धातूची पट्टी असते. स्वर डाव्या-उजव्या हातांत वाटलेले आहेत: सा एका हाताला तर रे दुसऱ्या हाताला, ग परत पहिल्या. एक टोक उकलले की आत गुंडीगणिक एक पितळी तरफ दिसते. गुंडी दाबली की तरफेचे दुसरे टोक वर उचलले जाते आणि भोकावरची कातडी गादी सुटते. खालच्या लाकडी तबकात खणच खण. प्रत्येक खणात एकाच स्वराच्या दोन रिडी, एक भाता दाबताना बोलणारी, एक ओढताना, आणि नको त्या बाजूने हवा जाऊ नये म्हणून कातड्याच्या पातळ झडपा. अठ्ठेचाळीस गुंड्यांच्या शहाण्णव रिडी झाल्या. प्रत्येक रीड पितळेच्या लहानशा चौकटीत बसवलेली, आणि ती चौकट तबकातल्या निमुळत्या खाचेत नुसती सरकवून घट्ट केलेली.

पेटी लावणाऱ्याच्या शेजारी जो बसला आहे त्याला पुढचे सांगायला नको. स्वर चढवायचा तर रिडीच्या टोकाजवळ कानस चालवायची, उतरवायचा तर मुळाशी. एक फटका जास्त पडला की गेलेले धातूचे कण परत येत नाहीत. मग दुसऱ्या टोकाला घासत बसा. हे काम शहाण्णव वेळा.

स्वर लावायचा तरी कुठला? इंग्लिश कॉन्सर्टिनात एका सप्तकात बाराऐवजी चौदा गुंड्या असतात. पाश्चात्त्य लिपीतला चढा 'जी' आणि उतरा 'ए' हे पियानोवर एकाच काळ्या पट्टीवर येतात. इथे त्यांना वेगवेगळ्या गुंड्या आहेत. चढा 'डी' आणि उतरा 'ई' यांचेही तसेच. कारण या वाद्याच्या जुन्या मेळणीत ते खरोखर वेगळे स्वर होते. बर्लिओझ १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात वाद्यांच्या परीक्षकांमध्ये होता. वाद्यमेळावरच्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्याने कॉन्सर्टिनाला जागा दिली, आणि या वेगळ्या स्वरांवरून बनवणाऱ्यांचे कानही उपटले: वादकांचा व्यवहार सोडून तुम्ही ध्वनिशास्त्रज्ञांच्या सिद्धांताच्या मागे गेलात, असा त्याचा रोख. साठ वर्षांनी आपल्याकडे देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियम घडवून घेतली तेव्हा जो वाद पेटला, त्याच कुळीचा हा वाद. बर्लिओझचे म्हणणे बरोबर की चूक हा माझा विषय नाही. मला त्याचा वैताग साक्षीला हवा आहे. प्रयोगशाळेतले गणित वाद्याच्या गुंडीपर्यंत येऊन पोचले होते, हे त्याला १८५० च्या दशकातच दिसले. चाळा म्हणून केलेल्या खेळण्यात सप्तकाला दोन जास्तीच्या गुंड्या कोणी बसवत नाही. खेळण्यासाठी बर्नहार्ड मोलिकसारखा संगीतकार १८५३ मध्ये कॉन्चेर्टोही लिहीत नाही.

प्रवाह उलटाही वाहत होता. दुकानाकडून प्रयोगशाळेकडे. १८३४ मध्ये व्हीटस्टनने विजेचा वेग मोजायचे ठरवले. अर्धा मैल तांब्याची तार, तिच्यात तीन ठिकाणी तोडून ठेवलेल्या फटी, आणि समोर प्रचंड वेगाने फिरणारा आरसा. तीन ठिणग्या एकाच क्षणी पडल्या तर आरशात एका ओळीत दिसतील. मधलीला उशीर झाला तर ती सरकलेली दिसेल. मधली सरकलेली दिसली. त्याने काढलेला आकडा, सेकंदाला २,८८,००० मैल, बरोबर नव्हता. पण फिरत्या आरशाची युक्ती टिकली. पुढे प्रकाशाचा वेग मोजणाऱ्यांनी तीच वापरली. ही युक्ती कॅलिडोफोनच्या मण्याची सख्खी बहीण आहे. डोळ्याला न पकडता येणारी चपळाई जागेत पसरून दाखवायची. आणि कॅलिडोफोन कुठल्या घरात जन्मले ते आपण पाहिले.

बोलक्या यंत्राचेही तेच. फॉन केम्पेलेन याने अठराव्या शतकात माणसासारखे उच्चार काढणारे एक यंत्र केले होते: भाता, रीड आणि कातड्याचे तोंड. व्हीटस्टनने ते नव्याने बांधून १८३५ मध्ये डब्लिनच्या विज्ञानसभेत बोलवून दाखवले. दोन वर्षांनी त्याने यावर लेख लिहिला, त्याच्या मथळ्यात ऑर्गनच्या रीडनळ्या आणि बोलकी यंत्रे शेजारी शेजारी बसली आहेत. भाता आणि रीड यांच्यावर पोट असलेल्या माणसाला ही दोन्ही एकमेकांच्या शेजारची वाटणे साहजिक होते. १८६३ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने बापाबरोबर लंडनला येऊन हे यंत्र ऐकले.

मग 'निव्वळ शास्त्रज्ञ' ही प्रतिमा आली कुठून? तिचा एक उगम मला स्पष्ट दिसतो. मद्रासच्या फौजेतून परतलेला विल्यम फॉदरगिल कुक १८३७ च्या फेब्रुवारीत व्हीटस्टनला भेटला. जूनमध्ये दोघांनी मिळून तारायंत्राचे पेटंट घेतले, जुलैत युस्टन ते कॅम्डन टाउन तार चालवून दाखवली. पुढे श्रेय कोणाचे यावरून भांडण जुंपले. १८४१ मध्ये मार्क ब्रुनेल आणि प्राध्यापक डॅनिएल हे लवाद म्हणून बसले. त्यांनी दोघांची समजूत पटेल अशी वाटणी केली: तारायंत्र प्रत्यक्ष व्यवहारात आणल्याचे श्रेय कुकला, आणि ज्याच्या सखोल संशोधनामुळे जग ते स्वीकारायला तयार झाले तो शास्त्रज्ञ म्हणून मान व्हीटस्टनला. तडजोड म्हणून ठीक. पण या वाटणीत हात कुकच्या वाट्याला गेले आणि डोके व्हीटस्टनच्या. दोघांपैकी लहानपणापासून वाद्यांच्या कारखान्यात वावरलेला कोण होता, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही.

दुसरा उगम अधिक मजेचा आहे. त्या काळच्या कॉन्सर्टिनांच्या लेबलावर छापलेले असे: शोधक, सी. व्हीटस्टन, पत्ता, २० कॉन्ड्युट स्ट्रीट. एकट्या प्रतिभावंताची जी मूर्ती चरित्रकारांनी पुढे पुजली, ती आधी दुकानानेच छापली होती. माल खपवायला.

इथे माझ्याच बाजूच्या उत्साही मंडळींना आवरायला हवे. कोणी म्हणेल, म्हणजे कारागिरी त्याच्या रक्तातच होती. घराणे हा शब्द आपल्या जिभेवर इतका खेळतो की हा मोह मराठी माणसाला लवकर होतो. मी रक्ताबद्दल काहीही म्हणत नाही. घरात पियानो होता, कानस होती, लाकूड होते, सूर कळणारी माणसे होती. त्याला वारसा मिळाला तो या वस्तूंचा आणि त्यांच्यात वावरण्याच्या सवयीचा.

शिवाय कानस त्याच्या हातात किती वेळ होती? इथे खरा हिशेब मांडला तर व्हीटस्टनच्या वाट्याचे थोडे काढून घ्यावे लागते. लुई लाशनाल हा स्विस कारागीर १८३९ च्या सुमारास लंडनला आला आणि व्हीटस्टनच्या कॉन्सर्टिनांचे भाग घडवू लागला. एकेक वाद्य जुळवत बसण्याऐवजी अवजारे आणि यंत्रे लावून एकसारखे भाग काढण्याचे तंत्र या धंद्यात आले ते मुख्यतः त्याच्यामुळे. १८५० च्या दशकाअखेरीस तो स्वतःच्या नावाने वाद्ये काढू लागला. १८६१ मध्ये तो वारला, तर बायको एलिझाबेथने कारखाना दहाबारा वर्षे चालवला. मुलगी मारी कॉन्सर्टिनाची नामांकित वादक झाली. चरित्रांत लाशनाल कुटुंबाला एक ओळ मिळाली तरी नशीब. दुकानाची रोजची बाजू सांभाळणारा भाऊ विल्यम १८६२ मध्ये गेला. तोही चरित्रांत 'आणि त्याचा भाऊ' एवढ्यावरच भागतो.

दुकानाच्या विक्रीच्या वह्या मात्र शिल्लक आहेत, आज त्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. कोणते वाद्य कोणी नेले याच्या रोजच्या नोंदी. संशोधकांनी १८७० पर्यंतच्या वह्या चाळल्या तर नऊशेहून अधिक स्त्री-गिऱ्हाइकांची नावे निघाली. श्रीमंत घरच्या लेकी-सुनांनी शिकायला घेतलेली वाद्ये. गमतीची खेळणी करणारा शास्त्रज्ञ आणि त्याच्या गळ्यात पडलेला नावडता धंदा, हे चित्र या वह्यांपुढे ठेवून पाहावे. इतक्या बारकाईने लिहिलेल्या वह्या गळ्यात पडलेल्या धंद्याच्या नसतात.

एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. व्हीटस्टनने आपली ग्रंथसंपदा आणि वैज्ञानिक साधने किंग्ज कॉलेजला ठेवली. आणि १८७० च्या सुमारास दुकान चिडली कुटुंबाच्या हाती गेले. म्हणजे मरताना त्याने स्वतःला प्राध्यापकच मानले, दुकानदार नव्हे? असेल. म्हातारपणी, सर झाल्यावर, व्हिक्टोरियन लंडनमध्ये कुठल्या माणसाने स्वतःला दुकानदार म्हणवून घेतले असते? पण माणूस स्वतःला शेवटी काय म्हणवतो आणि तो कशाने घडला हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही. आणि तो सत्तरीला टेकेपर्यंत दुकान हातचे सुटलेले नव्हते, एवढे तर हा आक्षेपही कबूल करतो.

घराण्याची गोष्ट मात्र त्याच्यापाशी संपत नाही. १८४७ मध्ये त्याने एमा वेस्टशी लग्न केले. एमाची बहीण रेचेल ही कॅम्डन टाउनमधल्या थॉमस हेविसाइड या लाकडी ठसे कोरणाऱ्याची बायको. त्या घरातला ऑलिव्हर हा व्हीटस्टन काकांच्या नादाने तारायंत्राकडे वळला. लहानपणी आजाराने कान अधू झालेला हा मुलगा अठराव्या वर्षी एका तार कंपनीत लागला, चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून बसला आणि पुढे मॅक्सवेलच्या समीकरणांना आज आपण शिकतो ते आटोपशीर रूप त्याने दिले. फेब्रुवारी १८७३ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आलेला त्याचा निबंध व्हीटस्टनच्या सेतूची मांडणी उत्तमात उत्तम कशी करावी यावर होता. बिचाऱ्या ख्रिस्टीचे नाव तोवर पुसले गेलेच होते. ऑलिव्हरचा भाऊ चार्ल्स हेविसाइड डेव्हनच्या किनाऱ्यावर वाद्यांच्या धंद्यात होता. १८८९ मध्ये ऑलिव्हर म्हाताऱ्या आईबापांसह पेन्टनला राहायला गेला, आणि 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी'चा पहिला खंड १८९३ मध्ये बाहेर पडला तेव्हा तो तिथेच राहत होता: भावाच्या वाद्यांच्या दुकानावरच्या माडीवर.